एकदा दिलेलं नाव

आमच्या वॉर्डात बाळांना नावं मी ठेवते. घरी हे वाक्य बोलायची सोय नाही, कारण सासूबाई लगेच म्हणतात, "नावं काय, ती तू सगळ्यांनाच ठेवतेस." त्यात खोटं काही नाही. जीभ तिखट आहे माझी. पण इथे मी वॉर्डातल्या नावांबद्दल बोलतेय.

दिवस भरायच्या आत जन्मलेली बाळं आमच्याकडे येतात. काचेच्या पेटीत ठेवतो त्यांना. नाकात नळी, छातीवर तारा, डोक्याशी मॉनिटर. पेटीला कार्ड लावलेलं असतं, त्यावर आईचं नाव आणि पुढे 'यांचे बाळ'. आईबाप लवकर नाव ठेवत नाहीत. कोणी म्हणतं घरी नेल्यावर बघू, कोणी काहीच म्हणत नाही. आम्ही विचारत नाही. थांबण्याचं कारण आम्हाला त्यांच्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

पण ही बाळं श्वास घ्यायला विसरतात. खरंच विसरतात. मेंदू अजून कच्चा असतो, झोपेत श्वास थांबतो आणि मॉनिटर बोंब ठोकतो. बहुतेक वेळा औषध लागत नाही. पेटीच्या गोल खिडकीतून हात घालायचा, तळपायावर बोटाने टिचकी मारायची, की बाळ दचकतं आणि पुन्हा श्वास घ्यायला लागतं. टिचकीबरोबर मी तोंडाने हाकही मारते. डॉक्टरीणबाई म्हणतात, टिचकी पुरते. पुरत असेल. पण मी कोणाच्या दारात उभी राहून नुसती कडी वाजवत नाही, नावाने हाक मारते. आणि 'अमुकबाई यांचे बाळ' अशी हाक काही मारता येत नाही.

म्हणून मी टोपणनावं देते. डायपर बदलला तरी तक्रार, नाही बदलला तरी तक्रार, तो वकीलसाहेब. दूध जरा कमी कोमट झालं की तोंड फिरवणारी राणीसरकार. जुळ्यांपैकी एक रात्री बाराच्या आत आला आणि दुसरी बारा वाजून गेल्यावर, ते सोमवार आणि मंगळवार. ड्यूटी बदलताना सगळ्या सिस्टर याच नावांनी खबर देतात. मला त्या थोरली म्हणतात. माझ्या हाताखाली तयार झालेली एक आहे, ती धाकटी. धाकटीने एकदा स्वतः नाव द्यायचा प्रयत्न केला होता, 'छकुली'. मी म्हटलं, अगं, वॉर्डात डझनभर छकुल्या आहेत, जरा बाळाकडे बघून नाव दे.

नियम एकच. एक नाव एकदाच. बाळ घरी गेलं की नाव त्याच्याबरोबर घरी गेलं. आणि घरी नाही गेलं, तर ते नाव संपलं. पुन्हा कोणाला द्यायचं नाही. हे कोणी भिंतीवर लिहून लावलेलं नाही, पण नवीन सिस्टरलासुद्धा आठवड्याभरात कळतं.

लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर मला दिवस गेले, की लोकांनी विचारणंही सोडून दिलं होतं. माझा नवरा गाडी चालवायला शिकवतो. त्याच्या गाडीत त्याच्याही पायाखाली एक ब्रेक आहे, आणि दिवसभर तो दाबून दाबून माणूस शांत झालाय. घरी कोणी आरडाओरडा केला तरी तो उजवा पाय जरासा पुढे सरकवतो आणि गप्प बसतो. बातमी ऐकली त्या दिवशी मात्र तो इतका बडबडला की सासूबाईंना वाटलं, ताप आलाय.

मग रोज संध्याकाळी जेवताना नावांची सभा भरायला लागली. नवरा नाव सुचवायचा आणि बहुतेक वेळा स्वतःच खोडून टाकायचा, कारण त्या नावाचा कोणीतरी त्याच्याकडे शिकून गेलेला असायचा. "छान आहे गं, पण या नावाच्या बाईने रिव्हर्समध्ये पोलीस चौकीची भिंत पाडली होती. मी तिला हाक मारली की माझा पाय आपोआप ब्रेकवर जाईल." सासूबाईंकडे प्रत्येक नावाचा एक नातेवाईक होता आणि प्रत्येक नातेवाइकाशी एक भांडण. "ते नको, त्या नावाच्या आत्याने माझ्या लग्नात तोंड वाकडं केलं होतं."

"म्हणजे नातेवाईक संपल्याशिवाय नाव मिळायचं नाही," नवरा म्हणायचा.

मीही आधी हसायचे. मग एखादं नाव यायचं, नदीचं नाहीतर ताऱ्याचं, आणि माझा घास हातातच राहायचा. कारण काही आईबाप नाव ठेवतात. पेटीतल्या बाळाला काचेबाहेरून त्याच नावाने हाका मारतात, मग एका सकाळी कार्ड काढावं लागतं. ते आम्हीच काढतो. घरी गेलेली बाळं मला आठवत नाहीत असं नाही, पण गेलेल्यांची नावं आधी उठून बसतात. मी नुसतं "नको" म्हणायचे. का, ते सांगायचे नाही. वॉर्डातलं घरी आणायचं नाही, हा माझा दुसरा नियम.

"नाव ठेवायला बसलोय की नावं ठेवायला?" सासूबाई एकदा वैतागून म्हणाल्या.

त्या दिवसांत खिडकीजवळच्या पेटीत एक मुलगा होता. मी पाहिलेल्या जिवंत बाळांत सगळ्यात हलका. माझ्या एका तळहातावर मावायचा आणि अंगठ्याला जागा उरायची. त्याचं नाव मी पैलवान ठेवलं. दुसरं काय ठेवणार? श्वास विसरण्यात तो सगळ्यांचा गुरू होता. एका ड्यूटीत त्याला जितक्या हाका मारल्या तितक्या मी नवऱ्याला लग्नापासून मारल्या नसतील. "अरे पैलवान, श्वास घे रे राजा." आणि तो घ्यायचा, नाखुशीने, कोणीतरी झोपेतून उठवल्यासारखा. आठवडे गेले. त्याने वजन धरलं. श्वास देणारं मोठं मशीन पहिल्याच आठवड्यात निघालं होतं, आता नाकातली छोटी नळी तेवढी राहिली. डॉक्टरीणबाई कोणाचं कौतुक करत नाहीत, पण त्याच्या पेटीपाशी थांबून म्हणाल्या, "बरा आहे हा."

त्याच संध्याकाळी नवऱ्याचा हात माझ्या पोटावर होता आणि आतून पहिल्यांदा त्याला कळेल अशी लाथ बसली. तो एकदम मागे सरकला. म्हणाला, "पैलवान आहे गं आत."

मी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. त्याला काही कळेना. मीही सांगितलं नाही. मनात म्हटलं, असू देत दोन पैलवान. नियम वॉर्डातला, घरातला नाही. त्यानंतर तो रोज कामावरून आला की पोटाशी वाकून विचारायचा, "काय पैलवान, आज किती जोर काढले?" आणि मी दुसऱ्या दिवशी त्या मुलाला हाक मारताना मनातल्या मनात हसायचे.

मग वॉर्डातल्या पैलवानाला जंतुसंसर्ग झाला. सकाळी बरा होता, दुपारी दूध पचेना, अंग राखाडी पडलं. सगळं केलं आम्ही. मोठं मशीन परत आलं. मी टिचकी मारत होते, हाका मारत होते. मशीन लावलेल्या बाळाला टिचकीचा उपयोग नसतो, हे मला माहीत आहे, मी नव्या मुलींना शिकवते. तरी मारत होते. डॉक्टरीणबाईंनी माझं मनगट धरलं तेव्हा थांबले.

त्याची आई कारखान्यातून तशीच आली, अंगावर कामाचा निळा कोट होता. बाळाला मांडीवर घेऊन बराच वेळ बसली. रडली नाही. उठताना तिने मला विचारलं, "आम्ही नाव ठेवलंच नव्हतं. तुम्ही त्याला काय म्हणायचात?"

मला लाज वाटली. इतक्याशा बाळाला असलं नाव, थट्टाच ती. पण खोटं बोलवेना. म्हटलं, "पैलवान."

तिने ते तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं. मग म्हणाली, "हो. तसाच होता तो." आणि गेली. ते नाव ती घेऊन गेली. न्यायला तिच्याकडे दुसरं काहीच नव्हतं.

घरी आले तर नवरा पोटाशी वाकून, "काय पैलवान?" मी त्याचा हात बाजूला केला. जोरातच केला.

"तसं म्हणू नकोस."

"का गं?"

"आवडत नाही मला."

"कालपर्यंत तर हसत होतीस."

"आज नाही आवडत. मुलगी असली तर?"

"मुलगी पैलवान नसते का?" तो म्हणाला, आणि माझं तोंड पाहिलं. पाय जरा पुढे सरकलेला मला दिसला.

तेव्हाच सांगायला हवं होतं, असं आता म्हणणं सोपं आहे. पण काय सांगणार होते? इतके दिवस त्याने ज्या नावाने लाड केले ते नाव शवागारात जाऊन आलंय म्हणून? त्याच्या तोंडचं ते हसू कायमचं गेलं असतं. आणि खरं सांगायचं तर माझ्या मनाने एक वेड घेतलं होतं. एका नावाची दोन बाळं झाली, एकाला जावं लागलं. मी शिकलेली बाई. जंतू कुठून येतात ते मला माहीत आहे. तरी हे डोक्यातून जाईना, आणि मग वाटायला लागलं, आता कोणतंही नाव दिलं तरी ते कोणाचं तरी काढून घेतलेलंच असणार. जेवणावरची सभा मी उठवून लावायला लागले. नाव निघालं की मी भांडी उचलायचे.

एका सुट्टीच्या दिवशी गाडीत त्याने मला विचारलं. गाडी सिग्नलला उभी होती. समोर बघत म्हणाला, "तुला हे मूल नक्की हवंय ना?"

मला भयंकर राग आला. राग त्याचा नव्हता. तो बिचारा जे दिसतं तेच विचारत होता. हवंय, इतकं हवंय की हाक मारायची भीती वाटते, हे वाक्य मला आज लिहिता येतंय. तेव्हा मी म्हटलं, "सिग्नल सुटलाय." मागचे हॉर्न वाजवत होते.

मी ड्यूटीवर असतानाच अंगावरून पाणी गेलं. दिवस भरायला बरेच बाकी होते. धाकटीने मला चाकाच्या खुर्चीत बसवून वरच्या मजल्यावर नेलं. डॉक्टरांनी पोट कापून बाळ काढलं. मुलगी. ज्या वॉर्डातून मी वर गेले होते त्याच वॉर्डात ती माझ्याआधी खाली पोहोचली. रिकामी पेटी एकच होती, खिडकीजवळची. धाकटीने दुसऱ्या बाळाला तिकडे हलवायचा प्रयत्न केला होता म्हणे, पण डॉक्टरीणबाईंनी कारण विचारलं आणि तिला सांगता आलं नाही.

मला खुर्चीवरून आणून पेटीपाशी बसवलं. आयुष्यभर मी त्या खुर्चीत बसलेल्या आयांना सांगत आले, बोला बाळाशी, आवाज ओळखतं ते. माझी मुलगी काचेपलीकडे होती, अंगावर लव, कान अजून मऊ, कागदासारखे. आणि माझ्या तोंडातून अक्षर निघेना. बोलणार कोणाशी? तिला नावच नव्हतं. कार्डावर माझं नाव, पुढे 'यांचे बाळ'. ते कार्ड वाचायची मला इतकी सवय होती, आणि आता वाचवेना.

ती पैलवानापेक्षा वजनाने जास्त होती, पण श्वास विसरण्यात त्याच्याच तालमीतली. वॉर्डातल्या पोरी तिला 'आपली' म्हणत. 'आपलीने दूध पचवलं.' 'आपली दोनदा विसरली.' कोणी नाव दिलं नाही. ते माझं काम होतं.

"द्या ना काहीतरी, सिस्टर," धाकटी म्हणाली. "टिचकी मारताना तोंड नुसतं बंद ठेवायचं म्हणजे कसंतरी होतं. तुम्हीच सवय लावलीय."

"टिचकी पुरते."

 धाकटी तिच्या कामाला गेली. आणि मला भीती वाटली, खरी भीती, की माझ्या हट्टापायी माझ्या पोरीला हाक न मारता उठवताहेत.

नवरा रोज यायचा. गाऊन, टोपी, मास्क. त्याचे फक्त डोळे दिसायचे. पेटीपाशी वाकून तो तिला एकेक खरं नाव ऐकवायचा, हळू आवाजात, आणि तिचं तोंड बघायचा. "हे कसं वाटतं? नाही? बरं." 'पैलवान' तेवढं सोडून सगळी म्हणून झाली. माझ्यासाठी सोडलं होतं त्याने. मी समोर बसून ऐकत होते आणि मला त्याला मिठी मारावीशीही वाटत होती आणि ओरडावंसंही.

त्या दुपारी सासूबाईंनी डबा पाठवला होता. नवरा नुकताच हात धुऊन आत आला होता. धाकटी पलीकडच्या बाळाला नळीतून दूध घालत होती, तिचे दोन्ही हात अडकलेले. आमच्या पेटीचा मॉनिटर वाजला. मी ऑक्सिजनच्या आकड्याकडे पाहिलं. उतरत होता, आणि सावकाश नाही. मुलीची छाती हलत नव्हती, ओठांभोवती निळं व्हायला लागलं होतं.

टाके ताणले गेले तरी मी उठले. हात खिडकीतून आत गेला. तळपायावर बोट मारलं. काही नाही. पुन्हा मारलं.

"अरे पैलवान," मी म्हणाले. "पैलवान, श्वास घे. श्वास घे रे राजा. जाऊ नकोस."

तिने हात वर टाकले, तोंड वेंगाडलं आणि श्वास घेतला. मग दुसरा. आकडा थांबला, मग चढायला लागला.

पलीकडे धाकटी दुधाची सिरिंज हातात तशीच धरून उभी होती. ते नाव कोणाचं, हे तिला कळलं होतं. नवऱ्याला नव्हतं कळलं. मास्कच्या वर त्याचे डोळे हसत होते, भिजलेले होते. "मला नको म्हणालीस," तो म्हणाला, "आणि स्वतः?"

तेव्हा मी त्याला सांगितलं. हात पेटीतच होता, तिचा पाय माझ्या दोन बोटांत. तो मुलगा कोण होता, किती हलका होता, कसा गेला. निळ्या कोटातली बाई काय म्हणाली ते सांगितलं. मॉनिटर आपला टिकटिकत होता.

"कुठे होता तो?" नवऱ्याने विचारलं.

"इथेच."

त्याने पेटीकडे पाहिलं. पेटीवर ठेवलेला हात काढून घेतला, मग परत ठेवला. "म्हणजे मी इतके दिवस..."

"तुला माहीत नव्हतं."

"सांगायचंस ना गं."

"अजून ऐक," मी म्हणाले. माझा आवाज माझा वाटत नव्हता. "आत्ता मी त्याला हाक मारली. हिला नाही. मला हिची आठवणच नव्हती. मला तो परत यायला हवा होता."

आणि मी रडायला लागले. त्याच्यासाठी रडत होते, त्या मुलासाठी. तो गेल्यापासून रडलेच नव्हते. दुसरी ड्यूटी होती, दुसरी बाळं होती, घरी जेवण होतं. माझी स्वतःची मुलगी हाताशी जिवंत होती आणि मी दुसऱ्या बाईच्या मुलासाठी हमसून रडत होते. नवऱ्याने मला आवरलं नाही. खांद्याला धरून उभा राहिला.

"तो नाही आला," तो म्हणाला. "ही आली."

"ते नाव त्या बाईचं आहे."

"हो."

"मी कसं देऊ?"

  ती बाई कुठेतरी कामावर असेल, निळा कोट घालून, आणि तिला कोणी विचारलं नव्हतं. धाकटीने सिरिंज ठेवली आणि आमच्याकडे यायला निघाली.

मॉनिटर पुन्हा वाजला. धाकटी धावली, पण माझा हात आधीच आत होता. नवरा माझ्याकडे बघत होता. मुलीचा चेहरा शांत होता, विसरून गेलेल्या माणसाचा असतो तसा. मी नीट पाहिलं तिच्याकडे, केसांची रेघ, मऊ कान, नाकावरची पट्टी. तळपायावर टिचकी मारली.

"श्वास घे, पैलवान," मी तिला म्हणाले. "ए पोरी, तुलाच बोलावतेय. तुझी आई आहे मी."

तिने जरा वेळ लावला, पण घेतला.